नऊ वाव खारं पाणी

आमच्या घरामागची विहीर नऊ वाव खोल आहे. हा आकडा मला पाढ्यांच्या आधी पाठ झाला. उन्हाळा लागला की आबाजी अंबाडीच्या वाखाचा नवा दोर वळायचे, आणि वळून झाला की ओसरीत उभे राहून मोजायचे. एक टोक डाव्या मुठीत. उजवी मूठ दोरावरून सरकत सरकत पार लांब जायची, छाती ताणली जायची, बंडीच्या गुंड्या ओढल्या जायच्या. दोन्ही हात पसरून जेवढा दोर भरला तो एक वाव. मोजायचे ते, आकडा मोठ्यानं म्हणायचं काम माझं. नऊ म्हटलं की ते थांबायचे, चाकासाठी अन् गाठीसाठी आणखी दोन वाव सोडायचे आणि विळ्यानं दोर कापायचे.

आबाजी गावात सगळ्यांत उंच. सहा फूट तरी असतील. हे इथंच सांगून ठेवते, पुढं कामाला येईल.

विहिरीचं पाणी मात्र खारं. आम्ही पूर्णेच्या खोऱ्यातले, अकोला जिल्ह्यातले. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाणपट्टा. वरून पाहाल तर काळीभोर जमीन, हरभरा असा येतो की पाहतच राहावं, आणि खाली खणलं की मीठ. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, म्हशीसुद्धा आधी नाक लावून विचार करतात. प्यायचं गोडं पाणी लांबून यायचं, आधी डोक्यावरून, मग टँकरनं, आता नळानं, म्हणजे नळाला येईल त्या दिवशी. आजी सांगायची, इथं आधी समुद्र होता, तो निघून गेला पण पाणी विसरला. मोठी झाल्यावर हे काही खरं नाही म्हणून मी तिला भूगोल शिकवायला गेले होते. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं माय, मंग तू सांग कोण टाकलं मीठ."

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो पंचविसाव्या वर्षी, लग्नानंतर, मुंबईला. त्याआधीचा माझा समुद्र रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवरचा. गावाचं नाव तीन भाषांत आणि खाली बारीक अक्षरात समुद्रसपाटीपासूनची उंची, तीनशे मीटरच्या आसपास. लहानपणी मला वाटायचं, पाटीच्या मागं गेलं की उतार असणार आणि उतार संपला की समुद्र. बाबांनी मागं नेऊन दाखवलं, तिथं मालधक्का होता आणि सरकीची पोती. ती सपाटी कुठून आली हे पुष्कळ वर्षांनी वाचलं. भारताच्या किनाऱ्यावरच्या नऊ बंदरांत भरती-ओहोटी मोजून १९०९ साली ती पक्की केली गेली. त्याच्याही आधी विल्यम लॅम्बटन नावाचा मोजणीदार १८०२ साली मद्रासच्या किनाऱ्याजवळ शंभर फुटी पोलादी साखळीनं पहिली रेषा मोजून निघाला, त्रिकोणामागून त्रिकोण टाकत वर वर आला आणि १८२३च्या जानेवारीत आमच्याच विदर्भात, हिंगणघाटला वारला. कबर तिथंच आहे. समुद्र आमच्याकडं आला तो आधी आकडा होऊन, आणि तो आणणारा आमच्याच मातीत राहिला.

तर, नकाशे.

मी तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. दिवसभर बारकोड चिकटवणं, पोरांना स्पर्धा परीक्षेची तीच ती पुस्तकं देणं, उंदरांचा बंदोबस्त. एकदा डिजिटायझेशनवरच्या कुठल्याशा प्रशिक्षणात जगातल्या मोठमोठ्या नकाशासंग्रहांचे पत्ते मिळाले. प्रशिक्षण विसरले, पत्ते राहिले. एप्रिल-मे महिन्यांत आम्ही गच्चीवर झोपतो. कारणं दोन: वारा आणि रेंज. खाली घरात रेंजची एक दांडी, गच्चीच्या उगवतीकडच्या कोपऱ्यात तीन. त्या कोपऱ्यात माझी सतरंजी.

हे नकाशे आकारानं अवाढव्य. एकेक चित्र शेकडो एमबीचं. आमच्या रेंजवर ते पुरतं उतरवायला बसलं तर पेरणी होऊन सुगी येईल. पण ठेवणाऱ्यांनी युक्ती केली आहे. मूळ चित्राचे चौकोनी तुकडे पाडून ठेवायचे, लहानमोठ्या मापांत, एकावर एक उतरंडीसारखे. आपण जेवढ्या भागावर बोट ठेवू तेवढेच तुकडे येतात. आधी धूसर, मग स्वच्छ. रेंज कमी असली की अर्ध्या चौकोनात किनारा दिसतो आणि अर्ध्यात धुकं. मला ते फार आवडतं. ज्यांनी तो किनारा काढला त्यांनाही तो असाच दिसला असणार, तुकड्या-तुकड्यानं.

डेव्हिड रम्सी या अमेरिकन संग्राहकानं १९९९ साली आपले नकाशे असे इंटरनेटवर मांडायला सुरुवात केली. आता ते लाखाच्या वर आहेत आणि कुणालाही फुकट. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २००३ साली एक कोटी डॉलर मोजून वाल्डझेम्युलरचा १५०७चा नकाशा घेतला, ज्यावर 'अमेरिका' हे नाव पहिल्यांदा छापलं गेलं. बारा कागदांचा नकाशा, जगात त्याची एकच प्रत उरलेली. तो मी म्हशीला ढेप चारता चारता पाहिला.

लोक अशा नकाशांत समुद्रातले राक्षस शोधतात, देवमासे, जलपऱ्या. चहाच्या कपांवरही छापतात म्हणे. मला त्यांचं अप्रूप नाही. सजावट ती, श्रीमंत गिऱ्हाइकासाठी केलेली. मला ओढ लागली ती आकड्यांची.

झालं असं की एका रात्री मी एकोणिसाव्या शतकातला खंबातच्या आखाताचा इंग्रजी नकाशा उघडला होता. जमिनीचा भाग जवळजवळ कोरा. समुद्र मात्र मुंग्या लागाव्या तसा आकड्यांनी भरलेला. सात, साडेपाच, नऊ, बारा. कोपऱ्यात लिहिलेलं, खोली फॅदममध्ये. फॅदम म्हणजे सहा फूट, एवढं माहीत होतं. शब्दकोश उघडला तर त्या शब्दाचं मूळ निघालं पसरलेले हात. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ कवेत घेणं. दोर ओढणारा खलाशी दोन्ही हात फाकवून मोजायचा, ते माप.

म्हणजे वाव.

मी उठून बसले. त्या अख्ख्या आखातावर, प्रत्येक आकड्याच्या जागी, कुणीतरी उभं होतं. छाती ताणून, हात पसरून. समुद्राच्या नकाशावर माणसाचं चित्र नसतं असं मला वाटत होतं, आणि इथं तर हजारो माणसं उभी, प्रत्येकाच्या कवेत एकेक तुकडा पाण्याचा.

मग मी त्या दोराच्याच मागं लागले. दोराच्या टोकाला शिशाचं वजन. दोरावर खुणा, पण रंगाच्या नुसत्या नाहीत: दोन वावांवर चामड्याच्या दोन पट्ट्या, तीनवर तीन, पाचवर पांढरं सुती कापड, सातवर लाल लोकरी, दहावर भोक पाडलेलं चामडं, तेरावर निळं जाड कापड. प्रत्येक चिंधीचा पोत वेगळा, कारण रात्री दिसायचं नाही; अंधारात ती बोटांनी, नाहीतर ओठाला लावून ओळखायची. पाच वावांवरच्या त्या पांढऱ्या कापडाला ते कॅलिको म्हणत, आणि ते नाव आलं कालिकतवरून. आबाजींच्या दोरावर खुणा नव्हत्या. पण बादली टेकल्याचं त्यांना वरून कळायचं. "दोर हाताले सांगते, डोयाले नाई," म्हणायचे.

शिशाच्या बुडाला खोलगट भाग असायचा, त्यात चरबी भरायची. तळाला टेकलं की तिथलं जे असेल ते चरबीला चिकटून वर येई: वाळू, चिखल, शिंपल्यांचा चुरा. नकाशावर आकड्याशेजारी त्याचं एकेक अक्षर. वाळूचं एक, चिखलाचं एक, शिंपल्यांचं एक. धुक्यात किनारा दिसत नसला तरी जाणता तांडेल आकडा आणि चिखल बघून आपण कुठं आहोत ते सांगायचा. आमच्याकडं विहीर खोदणारे वडार घमेल्यात आलेली माती चुरगाळून तेच करतात. काळी संपली, पिवळी लागली, आता चुनखडी येईल.

पण सगळ्यांत मला थांबवलं ते एका खुणेनं. काही आकड्यांच्या डोक्यावर आडवी रेघ असते आणि रेघेवर टिंब. याचा अर्थ, इतका दोर सोडला, तळ लागला नाही. खोली सांगितलेलीच नाही. दोर किती होता ते सांगितलंय. एवढा प्रामाणिकपणा मी कुठल्या कागदावर पाहिलेला नाही, आणि कागदांतच माझा जन्म चाललाय.

त्या आखातात मी पुढं सुरतेपर्यंत गेले. आमच्या गावाचा नाला पूर्णेला मिळतो, पूर्णा चांगदेवपाशी तापीला, तापी सुरतेखाली समुद्राला. शाळेत हे पाठ केलेलं. आता बोट फिरवत नकाशावर तापीच्या मुखाशी आले तर आकडे एकदम लहान झाले. गाळ. वाळूचे दांडे. सतराव्या शतकात मोठी जहाजं सुरतेपर्यंत जाऊच शकत नसत. उत्तरेला सुवाळीच्या खाडीत नांगर टाकून माल बैलगाड्यांनी आणि पडावांनी न्यावा लागे. १६१२ साली इंग्रज आणि पोर्तुगीज लढले तेही तिथंच.

तो गाळ कुठला? एकट्या सातपुड्याचा तर नक्कीच नाही. दर पावसाळ्यात आमच्या वावरातली चार बोटं माती नाल्याला लागते. बाबा धुऱ्यावर दगड रचतात, पुढच्या पावसात दगडांसकट जाते. ती कुठं जाते हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. ती सुरतेच्या नकाशावर आहे. परदेशी गलबतांनी दोर टाकून टाकून मोजलेल्या त्या दीड-दोन वावांच्या आकड्यांत आमचं शिवार थोडं थोडं बसलेलं आहे. सागरी नकाशांमध्ये वऱ्हाडाला मिळालेली जागा एवढीच, आणि तीही अडथळा म्हणून.

(हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी सुरतेकडून नुकसानभरपाई मागायची की द्यायची, असं विचारलं.)

बाबांना जहाजांचं काही वाटत नाही, वाऱ्याचं वाटतं. म्हणून त्यांना मी हॅलीचा नकाशा दाखवला. धूमकेतूवाला हॅली, एडमंड. १६८६ साली त्यानं व्यापारी वारे आणि मोसमी वारे यांचा नकाशा छापला. हवामानाचा असा नकाशा त्याच्याआधी कुणी छापला नव्हता. बाण नाहीत. नुसते बारीक फटकारे, पाऊस तिरपा पडतो तसे. ज्या दिशेनं वारा येतो तिकडं फटकाऱ्याचं टोक निमुळतं. अटलांटिकवर सगळे फटकारे शहाण्यासारखे एका दिशेनं. आपल्या अरबी समुद्रावर मात्र काही ओळी असे तोंड करून तर काही तसे, कारण इथला वारा वर्षातून दोनदा फिरतो आणि हॅलीला एकाच कागदावर दोन्ही दाखवायचे होते.

बाबांनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ. मिरग कोरडा गेलेला, सोयाबीन पेरून बसलेलो, दुबार पेरणीचं बियाणं आणायला जायचं की चार दिवस थांबायचं यावर घरात दोन तट. ते बराच वेळ त्या फटकाऱ्यांकडं पाहत होते. मग म्हणाले, "यानं हे पाह्यलं कोठून?" मी सांगितलं, काही स्वतः प्रवासात, काही जहाजांवरच्या लोकांना विचारून विचारून. "मंग बरोबर हाय," बाबा म्हणाले. "इचारून काढलं तं बरोबर हाय."

विचारलं नाही की काय होतं तेही त्या समुद्रात घडलेलं आहे. वास्को द गामा १४९८ साली आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मालिंदीहून वाटाड्या घेऊन निघाला आणि मोसमी वाऱ्यानं तेवीस दिवसांत कालिकतच्या किनाऱ्याला लागला. परतताना वारा फिरायच्या आधीच, ऑगस्टअखेर, त्यानं कालिकत सोडलं. आफ्रिकेचा किनारा गाठायला अरबी समुद्रात जवळपास तीन महिने लागले. हिरड्या सुजून, दात हलून माणसं मेली. तोच वारा, तोच समुद्र. आमच्याकडं पंधरा दिवस आधी पेरणाऱ्याला लोक हसतात, पण निदान मरत नाही कुणी. हे लिहिलं आणि हात थांबला. विदर्भात बसून हे वाक्य लिहू नये. असो.

वऱ्हाडाच्या कापसाची गोष्ट मात्र लिहितेच, कारण ती मला नकाशांतच सापडली. मॅथ्यू मॉरी हा अमेरिकन आरमारी अधिकारी. १८३९ साली घोडागाडी उलटून पाय मोडला, समुद्रावर जायचं सुटलं. त्याला नकाशे आणि उपकरणं ठेवायच्या खात्यात बसवलं. तिथं जुन्या जहाजांच्या रोजनिशांचे ढीग पडून होते, ज्यांना कुणी हात लावत नव्हतं. त्यानं ते उपसले. कुठल्या महिन्यात, कुठल्या ठिकाणी, वारा कसा होता, प्रवाह कुठला, असं हजारो नोंदींतून जमवून १८४७पासून वाऱ्यांचे आणि प्रवाहांचे नकाशे काढले. ते जहाजांना फुकट, अट एकच: आपली रोजनिशी त्याच्या नमुन्यात लिहून परत द्यायची. कोपऱ्यात बसवलेल्या लंगड्या माणसानं रद्दीतून समुद्र काढला. ग्रंथपालानं भारावून जावं असाच हा माणूस, मीही गेले.

आणि मग पुढं वाचलं. मॉरी व्हर्जिनियाचा. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू होताच त्यानं राजीनामा दिला आणि गुलाम राखणाऱ्या दक्षिणेच्या बाजूनं गेला. त्या युद्धात दक्षिणेची बंदरं रोखली गेली, अमेरिकेचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोचेना, आणि गिरण्यांची नजर हिंदुस्थानच्या कापसावर पडली. वऱ्हाड १८५३ सालीच निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेलं होतं. भाव असे चढले की आमच्या पणजोबांच्या वडिलांनी म्हणे बैलांच्या शिंगांना चांदी लावली. घरोघरी असतात अशा गोष्टी, चांदी कुणी पाहिलेली नसते. १८६५ला युद्ध संपलं, भाव कोसळले. पण रेल्वे यायची ती आलीच: १८६७ला नागपूर, १८७०ला खामगावचा फाटा. १८६९ला सुएझचा कालवा उघडला. खामगावात दाबलेली गाठ आता मुंबईहून जहाजात चढून थेट त्या सागरी नकाशांवरच्या वाटेला लागत होती. जेवढ्या वाटा मॉरी आणि मंडळींनी सुकर केल्या, तेवढी आमची ज्वारी मागं सरली आणि पऱ्हाटी पुढं आली. आज मॉरीचे नकाशे उघडले की मला दोन गोष्टी एकदम दिसतात, त्यातल्या कारागिरीवरचं प्रेम कमी होत नाही आणि रागही जात नाही.

नकाशा कुणाचा, हाही प्रश्न तिथं पडतोच. पोर्तुगालचा राजा आपले सागरी नकाशे बाहेर जाऊ देत नसे. इटलीतल्या फेराराच्या ड्यूकचा हस्तक अल्बर्टो कँटिनो यानं १५०२ साली बारा सोन्याचे डुकाट देऊन लिस्बनमधून एक नकाशा पळवून आणला. दोन मीटरांहून लांब चामड्यावर रंगवलेला. त्यात भारताचा पश्चिम किनारा नव्यानं उमटलेला. पुढं तो मोडेनाला गेला, १८५९च्या दंगलीत राजवाड्यातून नाहीसा झाला आणि अखेर जुझेप्पे बोनी नावाच्या माणसाला एका मांसविक्याच्या दुकानात सापडला. आज मोडेनाच्या एस्तेन्से ग्रंथालयात आहे, आणि गच्चीवरून मलाही दिसतो.

आमच्या घरातला सगळ्यांत जुना नकाशा म्हणजे आबाजी आणि त्यांच्या भावाच्या वाटणीचा. कापडावर चिकटवलेला, लाल शाईनं धुरे मारलेला. तो आजीनं पिठाच्या कोठीखाली ओल येऊ नये म्हणून अंथरला होता. सापडला तेव्हा आमचा हिस्सा वाळवीनं खाल्लेला आणि चुलतआजोबांचा शाबूत. यावर घरात अजून बोललं जातं.

आता गावाचा नकाशाही ऑनलाइन आला आहे. त्यात आमची पांदण शेजाऱ्याच्या विहिरीतून जाते. कार्यालयात जाऊन सांगितलं तर म्हणाले, नकाशात आहे ना, मग तशीच असेल. मला त्या साहेबांना सँडी आयलंडची गोष्ट सांगायची होती. एका देवमासे मारणाऱ्या जहाजानं १८७६ साली प्रशांत महासागरात न्यू कॅलेडोनियाजवळ बेट पाहिल्याची नोंद केली. ते नकाशावर चढलं, एकावरून दुसऱ्यावर उतरत राहिलं, संगणकाच्या नकाशांतही शिरलं. २०१२च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाचं एक संशोधन जहाज त्या जागी गेलं तर पाणी. खोली सुमारे १४०० मीटर. सव्वाशेहून अधिक वर्षं ते बेट होतं, फक्त समुद्रात नव्हतं. साहेबांना घाई होती, नाही सांगितलं.

याच्या अगदी उलट तुपायाचा नकाशा. हा माझा सगळ्यांत लाडका. तुपाया प्रशांत महासागरातल्या रायाटेआ बेटावरचा, ताहितीत राहणारा पुरोहित आणि दर्यावर्दी. १७६९ साली तो इंग्रज कप्तान जेम्स कुकच्या एंडेव्हर जहाजावर चढला, आणि सांगून, दाखवून, त्यानं ७४ बेटांचा नकाशा उभा केला. युरोपीय माणसांनी ऐकलीही नव्हती अशी त्यातली बेटं होती. मूळ कागद गेला, कुकच्या हातची नक्कल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. इंग्रजांना तो चुकीचा वाटे. उत्तर वर धरून पाहिलं की बेटं भलत्याच ठिकाणी पडतात. अलीकडच्या अभ्यासकांनी मांडलंय की मधोमध लिहिलेला ताहितीतला शब्द भर दुपारच्या सूर्याचा आहे, आणि प्रत्येक बेटाहून पुढच्या बेटाला निघताना दिशा त्या बेटापुरती, त्या सूर्याच्या हिशेबानं धरायची. म्हणजे वरून पाहायचा तो नकाशाच नाही. ज्या बेटावर उभे आहात तिथून पुढचं बेट कुठं, एवढंच तो सांगतो. बिचारा १७७०च्या अखेरीस बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, तापानं गेला. सोबत आलेला ताइआतो नावाचा पोरगाही तिथंच गेला.

बाबांना मी विचारलं होतं, आपल्या वावरापासून महादेवाच्या टेकडीपर्यंतचा नकाशा काढून द्या. त्यांनी वहीचं पान घेतलं आणि उत्तर-दक्षिण काही धरलं नाही. "इथून उगवतीकडं पाटलाचं वावर. त्याच्या धुऱ्यावर उभं राह्यलं का खालच्या अंगाले नाला. नाल्यात उतरलं का मंग मावयतीकडं पाह्य, बाभूय दिसते." प्रत्येक ठिकाणी ते आधी उभे राहत, मग तिथून दाखवत. पानावर पाहिलं तर टेकडी नाल्याच्या पलीकडं कुठंच बसत नव्हती. त्या पानाच्या हिशेबानं मी दुसऱ्या दिवशी चालत गेले आणि बरोबर टेकडीवर पोचले.

जुलैत पाऊस आला. मग रात्री गच्ची सुटली, रेंजही सुटली. दिवाळीच्या सुटीत मी चॅलेंजरचे नकाशे उघडून बसले. २१ डिसेंबर १८७२ला पोर्ट्समथहून निघालेलं हे ब्रिटिश जहाज साडेतीन वर्षं फिरलं, ६८,८९० सागरी मैल, आणि त्याचा अहवाल ५० खंडांत निघाला. भारताकडं ते आलंच नाही. आफ्रिकेच्या टोकाच्या केपहून दक्षिणेला, बर्फाच्या कडेनं, मेलबर्नकडं गेलं. नकाशावर त्याची वाट एक सलग रेघ आहे आणि रेघेवर ठिकठिकाणी टिंबं. प्रत्येक टिंबापाशी थांबून दोर सोडायचा. भांगेच्या झाडाच्या वाखाचा दोर, आमच्या अंबाडीच्या जातकुळीचाच म्हणायचा. खोल पाण्यात मोठी अडचण अशी की तळ लागला तरी दोर स्वतःच्या वजनानं जातच राहतो, हाताला काही कळत नाही. म्हणून दर शंभर वावांना किती वेळ लागला ते घड्याळावर लिहीत बसायचे. वेळ एकदम वाढला की समजायचं, खाली टेकलं. एकेका मोजणीत तास जायचे. २३ मार्च १८७५ला पश्चिम प्रशांत महासागरात, मारियाना बेटांच्या बाजूला, दोर जातच राहिला. ४,४७५ वाव.

बाबा कपाशी वेचून आलेले, पायावर पाणी घेत होते. मी आकडा सांगितला. त्यांनी तो हवेत थोडा फिरवला. "आपल्या इहिरी किती बसतीन त्यात?"

"पाचशेला तीन कमी."

"एकावर एक?"

"एकावर एक."

"अन् पाणी?"

"खारंच, बाबा."

बाबांनी तांब्या खाली ठेवला. "मंग कायले गेल्ते बापा एवढ्या खोल?"

याला माझ्याकडं पन्नास खंडांचं उत्तर होतं. ते मी दिलं नाही.

या मे महिन्यात विहीर आटली. पूर्ण नाही, तळाशी कंबरभर पाणी. आबाजींचा शेवटचा दोर अजून गोठ्यात खुंटीला आहे, पण कुजका. हात लावला की वाख सुटतो. बाजारातून नायलॉनचा आणला, निळा. त्याच्या टोकाला वजनकाट्याचं जुनं दोन किलोचं माप बांधलं. मापाच्या बुडाला ट्रॅक्टरचं ग्रीस थापलं. बाबा विहिरीच्या काठावर बसून बघत होते, काही बोलले नाहीत, पण तंबाखू मळायची थांबली होती.

दोर सोडला. आबाजी म्हणायचे तसं ते हाताला कळतं हे खरं. एका क्षणी दोर मऊ पडतो. काठाच्या दगडापाशी गाठ मारली, वर ओढला आणि ओसरीत उभी राहून मोजायला लागले. एक टोक डाव्या मुठीत, उजवी मूठ पार लांब. एक. आकडे म्हणायचं काम आता बाबांकडं. नऊ म्हणून ते थांबले, सवयीनं. दोर अजून शिल्लक होता. दहा. आणि वर अर्धा.

"गाळ भरला तं कमी यायले पाह्यजे," बाबा म्हणाले. "हे वाढली कशी?"

मी त्यांना माझे हात दाखवले. माझी उंची पाच फुटांना इंचभर वर.

बाबा हसले. मग उठून दोराचं टोक त्यांनी स्वतः घेतलं, पण त्यांचा उजवा खांदा मागल्या वर्षीपासून वर जात नाही. त्यांच्या हातांनी साडेअकराच्याही पुढं गेली असती विहीर. त्यांनी दोर परत माझ्या हाती दिला.

मापाच्या बुडाला काळा चिखल चिकटून आला होता, आणि त्यात नखाएवढा शंख, पाण्यातल्या गोगलगायीचा. मी वही काढली. तारीख घातली, खाली लिहिलं: १०½, चि., शं. मग आकड्याच्या मागं कंसात 'माझ्या हातानं' असं लिहिलं.